वाकलेल्या पाठीची सायकल

बंगळुरात, कब्बनपेटेतल्या शिंप्यांच्या घरी कात्री थोरल्याच्या हातात असे आणि सुई धाकट्याच्या. हा कायदा कुणी लिहून ठेवलेला नव्हता, म्हणूनच तो कधी मोडला गेला नाही. पिराजीरावांचे थोरले बंधू नागनाथअण्णा कापत आणि पिराजीराव शिवत. पुढे अण्णांनी दुकानात दोन कारागीर ठेवले, तेव्हा नवं शिवणकाम कारागिरांकडे गेलं आणि पिराजीरावांकडे अल्टरेशन उरलं. कंटोन्मेंटातले साहेबलोक देश सोडून जाताना आपले कोट विकून जात. ते कोट घेणाऱ्या वकिलांना, हेडक्लार्कांना आणि एकदा एका कीर्तनकारबुवांना ते बसते करून देणं हे पिराजीरावांचं काम. दुसऱ्यानं कापलेलं उसवायचं आणि तिसऱ्याच्या अंगाला बसवायचं. हे काम त्यांना उत्तम जमे आणि मुळीच आवडत नसे. उत्तम जमत असल्यामुळे त्यातून सुटकाही नव्हती.

एकोणीसशे सत्तावन्न सालच्या दसऱ्यानंतर यशवंतपूरच्या पुढे तंबू-ताडपत्र्यांचा एक कारखाना निघाला. तिथे कटिंग मास्तर पाहिजे अशी बातमी पेटेत आली आणि पिराजीराव अण्णांना न सांगता तिथे गेले. मॅनेजरनं लांबलचक टेबलावर कॅनव्हासचा तागा सोडला, खडू आणि हातभर लांबीची कात्री पुढे सरकवली आणि म्हणाला, "कापून दाखवा."

चाळिशीला टेकलेल्या पिराजीरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कोऱ्या कापडाला कात्री लावली. ती करकरत निघाली आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन थांबली. कोटात कात्रीला सारखी वळणं घ्यावी लागतात. काखेशी थांबा, गळ्याशी जपा. तंबूत ती नाकासमोर चालते. त्या दिवसानंतर दुकानातल्या गादीवर बसून अस्तरं उसवणं त्यांना अशक्य होऊन बसलं.

नोकरी मिळाली, पण वर्षभर कच्ची. वर्षात तीनदा उशीर झाला की नारळ. नाही झाला तर कायम. अट सोपी होती. अण्णांना सांगणं अवघड होतं.

"तंबू?" अण्णा म्हणाले. "तंबूला खांदा नाही, कंबर नाही. त्याला मास्तर कशाला? बागेचं कुंपण छाटणारा माळीसुद्धा कापील."

"कापडच आहे की, अण्णा."

"सरी, सरी, बरं. जा. तुझी गादी मी कुणाला देत नाही. रोज झटकून ठेवीन. उगादी-पाडव्याच्या आत येऊन बसशील."

अण्णा बोलल्याप्रमाणे वागणारे होते. पिराजीराव दुकानावरून जाऊ लागले की ते रस्त्याकडे बघत, गादी उचलत आणि दोनदा झटकत. धूळ अशी फार नसे.

आता प्रश्न राहिला जाण्यायेण्याचा. पेटेजवळच्या मॅजेस्टिकहून यशवंतपूरकडे बस जायची. ती केव्हा सुटणार हे ड्रायव्हरला ठाऊक असतं, असा प्रवाशांचा समज होता. कंडक्टरला ठाऊक असतं, असा ड्रायव्हरचा होता. अशा बसच्या भरवशावर कात्री गमावायची पिराजीरावांची तयारी नव्हती. नेमके त्याच वेळी कॉक्स टाउनमधले पामरसाहेब ऑस्ट्रेलियाला निघाले. हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक, तरुणपणी सायकलच्या शर्यती मारलेला माणूस. खुर्च्या गेल्या, पियानो गेला, कुत्रासुद्धा चांगल्या घरी पडला, पण शर्यतीची सायकल कुणी घेईना. तिला मडगार्ड नव्हतं, कॅरिअर नव्हतं, घंटा नव्हती, स्टँड नव्हता. टायर अंगठ्याएवढे, सीट सुपारीच्या अडकित्त्यासारखी, आणि हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. पामरसाहेबांनी ती पिराजीरावांना देऊन टाकली. "हिला पावसात काढू नको," एवढंच सांगितलं. बंगळुरात हे पाळायचं म्हणजे सायकल अर्धं वर्ष खुंटीला टांगावी लागली असती.

पिराजीराव ती हातानं ढकलत मल्लाप्पाच्या दुकानात घेऊन गेले. मल्लाप्पा पेटेतला जुना सायकलवाला. तो कन्नडच बोले आणि मराठी माणसाला 'रायरे' म्हणून हाक मारी, मग तो माणूस राव असो वा नसो.

"रायरे, ही सायकल नव्हे," तो तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला. "हा सायकलीचा सांगाडा आहे. बाकीची कुठे राहिली?"

"एवढीच मिळाली. मडगार्ड घाल."

"कुठे घालू? चाक आणि सीटखालचा दांडा यांच्या मधे माझं बोट जात नाही. पत्रा कसा जाईल?"

"मग तसंच चालवतो."

"चालवा. पाऊस आला की मला आठवा."

ऑक्टोबरातला पाऊस बंगळुराला रात्रभर झोडपून पहाटे थांबतो आणि चिखल तेवढा ऑफिसला जाणाऱ्यांसाठी ठेवतो. दुसऱ्याच आठवड्यात पिराजीरावांना मल्लाप्पा आठवला. मागच्या चाकानं त्यांच्या पाठीवर कंबरेपासून मानेपर्यंत लाल चिखलाचा सरळ पट्टा काढला होता. या अवस्थेत कोऱ्या कॅनव्हासवर ओणवं होणं शक्य नव्हतं. ते कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या नळावर सदरा धूत असतानाच घंटा झाली.

फाटकावर विश्वासराव असत. हा बेळगावकडचा माणूस, पूर्वी पलटणीत होता. उशीर कुणाला लावायचा हे त्यांच्या हातात होतं आणि त्यांचा हात फार स्थिर होता.

"काय वो मास्तर," ते म्हणाले, "पाठीवर रस्ता उचलून आणलासा की काय?"

"धुतो आहे. आलोच."

"या की निवांत. एक लेट लागला."

त्या रविवारी पिराजीराव घराच्या ओट्यावर सायकल उलटी करून बसले. पत्रा जात नाही हे खरं, पण कापड जाईल. मोडक्या छत्रीच्या काड्या त्यांनी चाकाच्या गोलाईत वाकवल्या आणि कारखान्यातून विकत आणलेली कॅनव्हासची चिंधी त्यांच्यावर ताणून शिवली. जिथे बोट जात नव्हतं तिथे मडगार्डाचे दोन तुकडे केले आणि दांड्याच्या मागेपुढे ते हूक लावून जोडले. जगात हूक आणि काजांनी चाकाला लावलेलं ते बहुधा पहिलंच मडगार्ड असावं. पहिल्या पावसात कॅनव्हास ओला होऊन सैल पडला आणि टायरला घासून रडू लागला. मग त्याला मेण चोळलं. दोऱ्याला मेण लावायची शिंप्याची वडी असते, तीच. त्यानंतर पाणी त्याच्यावरून मोत्यांसारखं घरंगळू लागलं.

त्यांची बायको अंबूबाई दारात उभी राहून बघत होती. "अल्टरेशन सोडलं म्हणता ना?" तिनं विचारलं.

"हे अल्टरेशन नव्हे. सायकल आहे."

"हो का. मला वाटलं साहेबाची वस्तू उसवून पेटेतल्या माणसाला बसवताय."

यावर पिराजीरावांनी सुईत दोरा ओवायला घेतला. ओवलेला असतानाही.

तो हिवाळा असाच गेला. संध्याकाळी लवकर अंधारू लागलं आणि बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस शिट्टी मारू लागले, तेव्हा मल्लाप्पानं डायनॅमोचा दिवा बसवला. तो उतारावर लखलखे आणि चढावर, जिथे उजेड हवा तिथे, डोळे मिटी. कॅरिअर ठोकायला भोक नव्हतं म्हणून सीटच्या मागे कॅनव्हासची पिशवी लटकली आणि तिच्यात जेवणाचा डबा. पहिल्या दिवशी सार सांडलं. तेव्हापासून अंबूबाईनं डब्यात कोरडी भाजी द्यायला सुरुवात केली आणि पिराजीरावांनी त्या भाजीबद्दल तक्रार करायला. सीटवर कापूस भरलेलं कव्हर चढलं. टायर बदलून नवे घातले, हँडलला घंटा आली, पावसासाठी ताडपत्रीचा झगा आला. पामरसाहेबांनी ऑस्ट्रेलियातून आपली सायकल पाहिली असती तर ओळखली नसती, आणि ते एका अर्थी बरंच होतं. पिराजीराव मात्र वेळेवर पोचत होते. थंडीत पोचत होते, उन्हात पोचत होते, आणि दिवसभर सरळ रेषेत कात्री चालवून परत येताना त्यांना वाटे की आयुष्यात माणसाला याहून जास्त काही लागत असेल तर ते आपल्याला माहीत नाही.

एवढं सगळं झालं तरी मूळच्या सायकलीतली एक गोष्ट तशीच होती. हँडल. ते खालीच वळलेलं होतं, आणि पिराजीराव त्याच्यावर कमरेत वाकून, डोकं पुढे काढून, पाठ आडवी करून बसत.

उगादीला सगळे अण्णांकडे जेवायला जमले होते. ओबट्टूवर, म्हणजे पुरणपोळीवर, तूप घेता घेता अण्णांनी विषय काढला. "पिराजी, सकाळी तू दुकानावरून जातोस तेव्हा पेटेतल्या माणसांना आधी काय दिसतं?"

"मी."

"तुझं डोकं. आणि तू पुढे गेलास की मग काय दिसतं? ते मी सांगत नाही, घरात बायका आहेत. आपल्या घरातला माणूस मास्तर झाला म्हणतो आणि बेडकासारखा जातो. ते हँडल वर कर."

पानावरचे सगळे हसले. अण्णांच्या सूनबाई पदराआड हसल्या, त्यामुळे जास्तच ऐकू आलं. पिराजीराव दुसऱ्याच दिवशी मल्लाप्पाकडे गेले.

मल्लाप्पानं हँडल सोडवलं, उलटं केलं आणि वर चढवून आवळलं. मेंढ्याची शिंगं जाऊन म्हशीची शिंगं आली. पिराजीराव ताठ बसून पेटेतून निघाले आणि दुतर्फा दुकानदारांनी माना डोलावल्या. पानवाला म्हणाला, "आता कसं, माणूस दिसतो." मल्लाप्पा म्हणाला, "आता ही सायकल झाली, रायरे." अण्णांनी तर त्या दिवशी गादी एकदाच झटकली.

वैशाखात पिराजीरावांची पाठ दुखू लागली. आधी त्यांनी उन्हाला दोष दिला, मग वयाला, मग कोरड्या भाजीला. रात्री अंबूबाई कापराचं तेल चोळी आणि ते ओटीवर पालथे पडून "स्वल्प वर, स्वल्प खाली" असं सांगत राहत. पाठ दुखते तरी पोचतो आहोत, असं ते स्वतःला समजावत. आणि मग आषाढ लागला.

आषाढातला वारा बंगळुराबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. आकाशात पतंग चढतात ते या वाऱ्यावर. तो पश्चिमेकडून येतो, दिवसभर येतो आणि मधे श्वास घेत नाही. पेटेतून यशवंतपूरकडे जाणारा माणूस त्याच्या तोंडातच जातो. मल्लेश्वरपर्यंत घरांचा आडोसा असे. पुढे मोकळा माळ. तिथे ताठ बसलेले पिराजीराव वाऱ्याला बंद दारासारखे वाटले असावेत, कारण तो सगळा त्यांच्यावरच धडका देऊ लागला. त्यात बुरबुर पाऊस म्हणून त्यांनी झगा चढवला, तेव्हा झग्यात वारा शिरून ते तंबूसारखे फुगले. सायकल पुढे जाण्याऐवजी आडवी जाऊ लागली. अखेर उतरून, ढकलत ढकलत ते फाटकाशी पोचले तेव्हा विश्वासराव अडसर घालून उभे होते.

"दोन झाले, मास्तर."

"वारा होता."

"वारा सगळ्यांनाच हाय की. मी बी त्यातच हुबा हाय."

संध्याकाळी वारा पाठीवर घेऊन पिराजीराव भुर्रकन घरी आले. यायला कधीच अडचण नव्हती. अण्णा दुकानाच्या पायरीवर उभे होते. दुसऱ्या लेटची बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण ती पोचली होती. त्यांनी गादी झटकली नाही. ती उचलून मशीनजवळ, जुन्या जागी नेऊन ठेवली आणि उशी लावली.

रात्री जेवणानंतर त्यांनी घरच्या मशीनवर झग्याचा घेर कमी करायला घेतला. अंबूबाई भांडी आवरून जवळ येऊन बसली. बराच वेळ ती झग्याकडे न बघता नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"अहो, आता दुखतंय का?"

"काय?"

"पाठ."

पिराजीरावांनी मशीन थांबवून विचार केला. "नाही."

"कारखान्यात दिवसभर टेबलावर वाकलेले असता. तिथे?"

"नाही."

"मग सायकलवरच का?"

"सायकलवर ताठ बसावं लागतं म्हणून..."

"वीस वर्षं वाकून शिवलंत," अंबूबाई म्हणाली. "ही पाठ आता वाकलेलीच कापलेली आहे. तिला ताठ करायला गेलात की ती शिवणीत ओढते. त्या पामरसाहेबाला सायकलीवर बसायला वाकावं लागत असेल. तुम्ही तर आधीच वाकलेले."

पिराजीरावांना हे एकदम पटलं आणि म्हणूनच राग आला. माणसाला पटलेली गोष्ट बायकोकडून कळली की थोडा राग येतोच.

"सगळे पेटेतले हसतील," ते म्हणाले.

"हसू दे."

"अण्णा बेडूक म्हणतील."

"म्हणू दे की. गादीवर बसवून काय म्हणणार आहेत?"

सकाळी मल्लाप्पाचं दुकान उघडलं तेव्हा पिराजीराव दारात उभे होते.

"हँडल खाली कर."

"रायरे, आताच कुठे सायकल झाली होती."

"कर म्हणतो ना."

मल्लाप्पानं पाना घेतला. मडगार्ड, डबा, दिवा, घंटा, सगळं तसंच राहिलं, फक्त शिंगं पुन्हा खाली वळली. या कामात वेळ गेला होता आणि पिराजीराव घाईत होते. वाटेत पानवाल्यानं "अरेरे" म्हटलं. अण्णा दुकानाची फळी काढत होते, ते फळी हातात धरूनच बघत राहिले. पिराजीरावांनी वर पाहिलं नाही. वाकलेल्या माणसाला हा एक मोठा फायदा असतो. समोरचा रस्ता दिसतो, बाजूची तोंडं दिसत नाहीत.

मल्लेश्वर संपलं, माळ लागला आणि वारा आला. तो आला, पिराजीरावांना शोधत राहिला आणि त्यांच्या पाठीवरून निघून गेला. पाठ टेबलावर वाकल्यासारखी सैल पडली होती. पाय आपले फिरत होते. झगा त्यांनी आज घडी करून पिशवीत ठेवला होता, थोडे भिजले तेवढंच. यशवंतपूरच्या रेल्वे फाटकाशी मात्र दांडा खाली आला आणि एक मालगाडी सावकाश, एकेक डबा मोजून घ्यावा अशा चालीनं जाऊ लागली. ती संपेपर्यंत, वाऱ्याला चुकवून मिळवलेला सगळा वेळ संपला. दांडा उठला तसे ते निघाले. हात खालच्या शिंगांवर, हनुवटी घंटेशी, आणि डब्यातली कोरडी भाजी मागे खुळखुळत. कारखान्याच्या वळणावर विश्वासराव अडसराला हात घालताना दिसले. पिराजीरावांनी घंटा वाजवली. विश्वासरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अडसर हातातच धरून ठेवला. सायकल त्यांच्या बाजूनं आत शिरली आणि मग कारखान्याची घंटा झाली.

"मास्तर हायसा व्हय!" विश्वासराव म्हणाले. "मला वाटलं नुसती सायकलच आली. वर माणूस दिसंना."

"लेट?"

"कशाचा लेट? आत हायसा की."

पिराजीरावांनी सायकल टेकवली, टेबलाशी गेले, खडूनं रेघ मारली आणि कात्री उचलली. रेघ सुटली नाही.

आषाढ तसाच वाहत राहिला आणि पिराजीराव त्याच्या खालून जात राहिले. पुढे पाऊस आला, मेण लावलेल्या मडगार्डानं तो झेलला. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मॅनेजरनं बोलावून सांगितलं, कायम. पिराजीरावांनी ती बातमी घरी नेली, आणि अंबूबाईनं बजावल्यामुळे दुकानातही नेली.

अण्णांनी ऐकून घेतलं. हातातल्या टेपची गुंडाळी केली. मग म्हणाले, "कायम झालेल्या माणसाला कोट लागतो."

"एखादा जुना बसवून घेईन मी."

"आपल्या घरात नवा कोट मी कापतो. जा, सायकल घेऊन ये."

"सायकल कशाला?"

"माप घ्यायला. उभ्या माणसाचं माप घेतात. तू उभा असतोस कधी?"

म्हणून भर बाजारात, दुकानाच्या खांबाला एक हात टेकवून पिराजीराव सायकलवर वाकले, आणि अण्णांनी टेप लावून मानेपासून कंबरेपर्यंत पाठ मोजली. पुन्हा मोजली. पानवाला विडा बांधायचा थांबला. "पाठ लांब, पुढा आखूड, बाह्यांना पुढे ओढ," असं अण्णा कारागिराला सांगत होते, आणि कुणी हसलं की त्याच्याकडे असं बघत होते की तो पुढच्या गल्लीत निघून जाई.

कोट सुरेख झाला. सायकलवर तो असा बसे की एक सुरकुती दिसू नये. पिराजीराव उतरून उभे राहिले की मात्र मागचा भाग पोटऱ्यांकडे झेपावे, कॉलर मानेपासून दूर जाई आणि पुढची बटणं छातीवर चढत. मार्गशीर्षात पुतणीचं लग्न होतं. पिराजीराव तोच कोट घालून आले आणि मांडवात उभे राहिले. व्याह्यांनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं आणि शेवटी मोठ्या अदबीनं विचारलं, "कोट कुणी कापला म्हणायचा?"

"मी," अण्णा म्हणाले. "पिराजी, सायकल कुठे आहे? जरा दाखव यांना."

पिराजीराव बाहेर गेले, शिंगं धरून वाकले आणि मांडवाला एक सावकाश फेरी मारून आले. वऱ्हाड बघायला बाहेर आलं होतं. पाटांपुढे ताटं मांडून झाली होती, पण व्याही म्हणाले, नीट दिसलं नाही, म्हणून पिराजीरावांनी आणखी एक फेरी मारली.